मोडलेला संसार, हत्या आणि नाट्यरूपे : दोषाची मांडणी

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• ‘घटस्फोट’, ‘काडीमोड’, ‘सोडचिठ्ठी’ या शब्दांतील दोषाची छटा स्पष्ट करणे.
• कारण, नैतिक जबाबदारी आणि कायदेशीर अपराध यांतील फरक सांगणे.
• नानावटी खटल्याच्या नाट्यरूपांत दोष कसा आणि कोणावर ठेवला गेला, याचे विवेचन करणे.
• सत्यघटनेवर आधारलेले नाटक, चित्रपट किंवा मालिका यांचे चिकित्सक आस्वादन करणे.

१. प्रास्ताविक



दिवाळी सरते, धानाची कापणी उरकत येते आणि धानोरा, कुरखेडा, आरमोरी, वडसा या भागांत मंडईचे दिवस सुरू होतात. मंडईच्या गावी पाहुणे जमतात आणि रात्री मंडपात नाटक रंगते. तुम्ही झाडीपट्टीत राहत असाल तर रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारे हे नाटक तुम्ही लहानपणापासून पाहिलेले असेल. यांतील कितीतरी नाटकांच्या कथानकात एक संसार मोडतो. नवरा संशय घेतो, बायको घर सोडते, तिसरे माणूस मध्ये येते आणि कधीकधी शेवटच्या अंकात कोणाचा तरी जीव जातो.

पहाटे घराकडे परतताना प्रेक्षकांत एकच चर्चा असते : चूक कोणाची? कोणी म्हणते तिची, कोणी म्हणते त्याची, कोणी सासूला बोल लावते. आपण हे मत स्वतःच बनवले, असे प्रत्येकाला वाटते. वस्तुतः पडदा उघडण्यापूर्वीच नाटककाराने ते मत बऱ्याच अंशी घडवलेले असते. कथा कोठून सुरू करायची, कोणाला गाणे द्यायचे, कोणाला स्वगत द्यायचे आणि कोणाला गप्प ठेवायचे, या निवडींतून दोष वाटला जातो.

कथानक काल्पनिक असेल तर या वाटणीने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु घटना खरी असते तेव्हा मृताची बहीण, मारणाऱ्याची मुले आणि जिच्या नावाने बोटे मोडली गेली ती स्त्री, ही माणसे त्याच समाजात जगत असतात. नाटकाने ठरवलेला दोष लोकांच्या तोंडी बसतो आणि न्यायालयाचा निकाल विसरला गेल्यावरही टिकून राहतो. म्हणून या घटकात आपण दोषाच्या मांडणीचा अभ्यास करणार आहोत.

२. विषय-विवेचन

२.१ शब्दांत दडलेला दोष

भाषेच्या विद्यार्थ्याने सुरुवात शब्दांपासून करावी. विवाह संपण्यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि दोषाबाबत त्यांची भूमिका सारखी नाही.

‘घटस्फोट’ या शब्दाचा मूळ अर्थ घट फोडणे असा आहे. धर्मशास्त्रात पतित ठरलेल्या व्यक्तीला समाजातून बाहेर काढताना पाण्याचा घट फोडण्याचा विधी सांगितला आहे. ती व्यक्ती आपल्यापुरती मेली, असा त्याचा आशय होता. आज हा शब्द आपण निव्वळ कायदेशीर अर्थाने वापरतो, पण त्याच्या तळाशी कोणीतरी पतित आहे आणि त्याला बाहेर काढले आहे, अशी कल्पना आहे.

‘काडीमोड’ हा शब्द वेगळा आहे. सर्वांसमक्ष काडी मोडायची आणि संबंध संपल्याचे जाहीर करायचे, अशी ही जुनी लोकरीत. काडी कोणामुळे मोडली, याविषयी शब्द मौन बाळगतो. ‘सोडचिठ्ठी’त सोडणारा एक आणि सुटणारा दुसरा, असे दोन पक्ष सूचित होतात. ‘फारकत’ या शब्दाला हिशेब चुकता होऊन मोकळे होण्याची छटा आहे.

गडचिरोली जिल्ह्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा भेद पुस्तकी नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला. त्यातील तरतुदीनुसार केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे गोंड समाजातील अनेक विवाह रूढीप्रमाणे होतात व रूढीप्रमाणेच सुटतात. दुसरीकडे, मूळ १९५५ च्या कायद्यात घटस्फोट मागणाऱ्याला सामान्यतः दुसऱ्या पक्षाचा दोष सिद्ध करावा लागे. परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद १९७६ साली त्यात आली. म्हणजे दोष ठरवल्याशिवाय वेगळे होता येते, हे लोकरीतीला ठाऊक असलेले तत्त्व त्या कायद्यात वीस वर्षांनी आले.

नाटकाचे मात्र दोषाशिवाय चालत नाही. परस्पर संमतीने शांतपणे वेगळ्या झालेल्या जोडप्यावर कोणी सहसा तीन अंकी नाटक लिहीत नाही. संघर्ष हे नाट्याचे मूलद्रव्य आहे आणि संघर्षाला दोन बाजू लागतात. दोष वाटण्याची ओढ नाट्यप्रकारातच आहे, हे आरंभी ध्यानात ठेवा.

२.२ घटना : नानावटी खटला

मोडत चाललेल्या विवाहातून हत्या घडली आणि त्या हत्येची पुन:पुन्हा नाट्यरूपे झाली, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नानावटी खटला. प्रथम घटना पाहू.

कावस माणेकशा नानावटी हे भारतीय नौदलात कमांडर होते. त्यांची पत्नी सिल्व्हिया मूळच्या इंग्लंडच्या. त्यांचा विवाह १९४९ साली झाला आणि त्यांना तीन मुले होती. नौकेवरील कामामुळे नानावटी दीर्घकाळ घरापासून दूर असत. या काळात सिल्व्हिया आणि मुंबईतील व्यावसायिक प्रेम अहुजा यांचे संबंध जुळले. सिल्व्हिया यांची अहुजांना लिहिलेली पत्रे पुढे न्यायालयात सादर झाली. पतीपासून घटस्फोट घेऊन अहुजांशी विवाह करण्याची त्यांची इच्छा आणि अहुजांच्या हेतूविषयी वाटणारी शंका, या दोन्ही गोष्टी त्या पत्रांतून दिसतात. घटस्फोट प्रत्यक्षात झाला नाही, परंतु संपूर्ण प्रकरणावर त्याची छाया होती.

२७ एप्रिल १९५९ रोजी सिल्व्हिया यांनी पतीजवळ हे संबंध कबूल केले. नानावटी यांनी पत्नीला व मुलांना मेट्रो चित्रपटगृहात सोडले. नंतर ते आपल्या नौकेवर गेले आणि खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व सहा गोळ्या घेतल्या. अहुजा कार्यालयात भेटले नाहीत, तेव्हा ते मलबार हिल परिसरातील त्यांच्या घरी गेले. शयनगृहात तीन गोळ्या झाडल्या गेल्या आणि अहुजा मरण पावले. त्यानंतर नानावटी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले.

सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीसमोर खटला चालला. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटी यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश मेहता यांना हा निर्णय पुराव्याशी विसंगत वाटला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. मुंबई उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी नानावटी यांना खुनासाठी दोषी ठरवून जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा कायम केली. पुढे १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. नानावटी दांपत्य नंतर मुलांसह कॅनडात स्थायिक झाले. तेथे २००३ साली कावस नानावटी यांचे निधन झाले.

या खटल्याच्या काळातच रूसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटी यांची बाजू जोरदारपणे उचलून धरली. प्रामाणिक, देशसेवा करणारा नौदल अधिकारी आणि त्याच्या घराला आग लावणारा श्रीमंत विलासी पुरुष, अशा दोन प्रतिमा वाचकांसमोर उभ्या राहिल्या. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचे सांगतात. रस्त्यावर अहुजांच्या नावाचे टॉवेल आणि नानावटींच्या नावाची खेळण्यातली पिस्तुले विकली जात. खटला चालू असतानाच पात्रयोजना झाली होती. नाटककारांनी व दिग्दर्शकांनी पुढे जे उचलले त्यात न्यायालयातील घटनेइतकाच वृत्तपत्रांनी रचलेल्या या कथेचाही वाटा होता.

२.३ दोषाचे तीन अर्थ

‘दोष’ हा एक शब्द आपण किमान तीन अर्थांनी वापरतो. नाट्यरूपांतरातील गोंधळाचे मूळ बहुधा हे तीन अर्थ एकमेकांत मिसळण्यात असते.

(अ) कारण : अमुक घडले म्हणून तमुक घडले. सिल्व्हिया यांची कबुली ही घटनाक्रमातील एक कडी आहे. कडी असणे म्हणजे अपराधी असणे नव्हे. पाऊस पडला म्हणून पूर आला, तरी आपण पावसावर खटला भरत नाही.

(आ) नैतिक जबाबदारी : विश्वासघात, फसवणूक, दुर्लक्ष, क्रौर्य यांचा विचार येथे येतो. एकाच प्रकरणात अनेक व्यक्ती कमी-अधिक प्रमाणात नैतिकदृष्ट्या दोषी असू शकतात. येथे एकाचा दोष वाढल्याने दुसऱ्याचा आपोआप कमी होत नाही.

(इ) कायदेशीर अपराध : येथे प्रश्न नेमका असतो. जीव कोणी घेतला, कोणत्या हेतूने घेतला आणि कायद्यातील कोणता अपवाद लागू होतो काय? कायद्याच्या मराठीतील ‘सदोष मनुष्यवध’ या संज्ञेत ‘दोष’ शब्द आहेच, पण त्याचा अर्थ मर्यादित व ठरीव आहे.

नानावटी खटल्यातील कळीचा मुद्दा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मधील पहिल्या अपवादाचा होता. गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे आत्मसंयम गमावलेल्या माणसाने जीव घेतला, तर ते कृत्य खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने वेळेकडे लक्ष वेधले. नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले आणि हत्या चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास झाली. मधल्या सुमारे तीन तासांत त्यांनी कुटुंबाला चित्रपटगृहात पोहोचवले, शस्त्र मिळवले आणि माणूस शोधून काढला. मन सावरायला हा अवधी पुरेसा होता, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता.

येथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. न्यायालयात नानावटी यांचे म्हणणे असे होते की, झटापटीत रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या सुटल्या. म्हणजे आपण ठरवून मारलेले नाही, असा त्यांचा बचाव होता. लोकमताने मात्र त्यांना कुलाच्या अब्रूसाठी शत्रूला मारणारा वीर मानून डोक्यावर घेतले. जे कृत्य हेतुपुरस्सर केल्याचे आरोपी स्वतः नाकारत होता, त्याच कृत्याचा गौरव जनता करत होती. सरकारी पक्षाने झटापटीच्या कथनाविरुद्ध एक साधी वस्तू पुढे केली. अहुजा आंघोळ करून आले होते आणि मृत्यूनंतरही त्यांच्या कमरेचा टॉवेल सुटलेला नव्हता. बाजारात टॉवेल विकले गेले ते या युक्तिवादामुळे. पुराव्यातील वस्तू विनोदाचा विषय झाली आणि तिचा अर्थ मागे पडला.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – १

१. ‘काडीमोड’ आणि ‘घटस्फोट’ या शब्दांतील दोषविषयक फरक कोणता?
२. ज्युरीचा निर्णय किती विरुद्ध किती मतांनी झाला?
३. प्रक्षोभाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने कोणत्या कारणाने अमान्य केला?

२.४ दोष मांडण्याची नाट्यसाधने

नाट्यरूपात दोष कसा रचला जातो, हे ओळखण्यासाठी पुढील पाच साधनांकडे पाहावे.

आरंभबिंदू. कथा जेथे सुरू होते तेथे निर्दोषपणाची रेघ ओढली जाते. नौकेवरून उत्साहाने घरी परतणाऱ्या पतीपासून सुरुवात केली, की प्रेक्षक त्याचा सोबती होतो. एकट्या, परक्या शहरात मुले सांभाळणाऱ्या पत्नीपासून केली, की प्रेक्षक तिच्या खिडकीत बसतो. सकाळी दाढी करून कामाला निघालेल्या अहुजांपासून कथा सुरू झाली, तर तीच घटना एका निःशस्त्र माणसाच्या हत्येची होते.

अखेरचा बिंदू. ज्युरीच्या निर्णयावर पडदा पाडला तर विजयगाथा तयार होते. उच्च न्यायालयाच्या निकालावर पाडला तर शिक्षेची कथा होते. कॅनडातील दीर्घ संसारावर पाडला तर क्षमेची कथा होते. तिन्ही शेवट खरे आहेत, पण प्रत्येकाचा निवाडा वेगळा आहे.

मृताचा आवाज. शयनगृहात दोनच माणसे होती. त्यांच्यातील संभाषणाचे सविस्तर कथन जिवंत राहिलेल्या माणसाकडून आले. तुम्ही तिच्याशी लग्न करून मुलांचा सांभाळ करणार काय, असे आपण विचारले आणि अहुजांनी उद्दामपणे नकार दिला, असे नानावटी यांनी सांगितले. रंगमंचावर हे कथन प्रत्यक्ष प्रसंग म्हणून दाखवले की आरोपीचे निवेदन प्रेक्षकासाठी डोळ्यांनी पाहिलेले सत्य बनते. ज्याचा जीव गेला त्याची साक्ष नसते, आणि नाटकात त्याच्या तोंडी घातलेली वाक्ये बहुधा मारणाऱ्याच्या आठवणीतून आलेली असतात.

नटाचे वलय. लोकप्रिय नायक ज्या भूमिकेत असतो, त्या भूमिकेला प्रेक्षकाचे प्रेम आगाऊ मिळालेले असते. गणवेश, पदके आणि संयत आवाज ही युक्तिवादाचीच अंगे ठरतात.

भर आणि वगळ. खऱ्या घटनेत नसलेला धागा जोडून किंवा असलेला धागा काढून दोषाचे वजन हलवता येते.

२.५ एका खटल्याची पाच रूपे

‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३). आर. के. नय्यर दिग्दर्शित या चित्रपटात सुनील दत्त, लीला नायडू आणि रहमान यांच्या भूमिका होत्या. पात्रे व प्रसंग काल्पनिक असल्याचे निवेदन चित्रपटाच्या आरंभी आहे, आणि खटल्याचा निकालही बदललेला आहे. प्रेक्षकाला मूळ प्रकरण तोंडपाठ असताना दिलेल्या अशा निवेदनामुळे निर्मात्याला कायदेशीर संरक्षण मिळते. प्रेक्षक मात्र पडद्यावरचे रूपच खरे धरून घरी जातो.

‘अपराध मीच केला’. मधुसूदन कालेलकर यांचे हे मराठी नाटक याच प्रकरणावर बेतलेले आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने त्याच्या शीर्षकापाशी थांबावे. ‘अपराध मी केला’ हे साधे निवेदन झाले. ‘मीच’मधील ‘च’ या अव्ययाने वाक्याचे स्वरूप बदलते. इतर कोणी नव्हे तर मी, असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्यावर येऊ पाहणारा दोष तो अडवतो आणि बोलणाऱ्याला एक प्रकारची उंचीही देतो. अपराध स्वीकारणारा माणूस स्वीकारामुळेच सहानुभूतीला पात्र होतो. शिवाय हा ‘मी’ कोण, हा प्रश्न शीर्षकच प्रेक्षकाच्या मनात सोडते. ज्याने गोळी झाडली तो, की जिने विश्वास मोडला ती? कायदा आणि नीती यांतील अंतर या दोन शब्दांत साठवलेले आहे.

‘अचानक’ (१९७३). गुलजार दिग्दर्शित या गीतविरहित चित्रपटाची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची आहे. येथे विनोद खन्नाने रंगवलेला लष्करी अधिकारी पत्नी आणि मित्र दोघांनाही मारतो. त्याला फाशीची शिक्षा होते. पळताना तो जखमी होतो आणि डॉक्टर त्याला वाचवतात, ते पुढे फासावर जाण्यासाठी. येथे ‘चूक कोणाची’ हा प्रश्न बाजूला सरतो. मारणाऱ्याला मारून समाज काय साधतो, असा नवा प्रश्न पुढे येतो. पत्नीलाही मारण्याचा बदल मात्र दुर्लक्षिता येणार नाही. मूळ घटनेत जी जगली आणि जिने न्यायालयात साक्ष दिली, ती स्त्री या रूपात फक्त नायकाच्या आठवणींत उरते.

‘रुस्तम’ (२०१६). टिनू सुरेश देसाई यांच्या या चित्रपटात अक्षय कुमारने नौदल अधिकाऱ्याची भूमिका केली. तिच्यासाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. येथे नौदलाच्या खरेदीतील भ्रष्टाचाराचा एक धागा जोडला आहे, जो मूळ खटल्यात नव्हता. या भरीचे कार्य नेमके आहे. मृत व्यक्ती केवळ पत्नीला मोहात पाडणारी राहत नाही, देशाचा घात करणारी ठरते. खासगी सूडाला देशभक्तीचे वस्त्र मिळते. कथा निर्दोष मुक्ततेपाशी संपते, त्यामुळे उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांचे निकाल कथानकाबाहेर राहतात.

‘द व्हर्डिक्ट – स्टेट व्हर्सेस नानावटी’ (२०१९). मानव कौल आणि एली अवराम यांच्या भूमिका असलेल्या या वेबमालिकेत अनेक भागांचा अवकाश मिळाल्याने वकील, पत्रकार, पारशी व सिंधी समाज आणि मृताची बहीण ममी अहुजा यांना जागा मिळाली. बहीण बोलू लागली की मृत माणूस कोणाचा तरी भाऊ होतो. एवढ्याने दोषाचे पारडे हलते. विस्तृत रूपबंधाचा हा लाभ आहे.

या पाच रूपांकडे एकत्र पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. पतीच्या मनातील वादळ बहुतेक ठिकाणी केंद्रस्थानी आहे आणि पत्नीचे मन बहुधा अश्रूंत आटोपते. न्यायालयातही सिल्व्हिया यांची साक्ष पतीच्या बचावासाठीच झाली. घटस्फोटाची इच्छा, प्रियकराविषयीची शंका, मुलांची काळजी आणि पुन्हा पतीच्या बाजूने उभे राहणे, एवढा विलक्षण मानसिक प्रवास असूनही तिला नायिका करणारी कलाकृती या पाचांत नाही.

२.६ तुलनेसाठी : ब्रॉडरिक प्रकरण

येथे मारणारी व्यक्ती स्त्री आहे, म्हणून तुलना उपयुक्त ठरते. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरातील बेटी आणि डॅन ब्रॉडरिक यांचा विवाह १९६९ साली झाला. पतीच्या वैद्यकीय आणि नंतर कायद्याच्या शिक्षणाच्या काळात बेटीने घर व मुले सांभाळली. डॅन नामांकित वकील झाला. पुढे लिंडा कोलकेना हिच्याशी त्याचे संबंध जुळले आणि घटस्फोटाचा कडवट लढा अनेक वर्षे चालला. एप्रिल १९८९ मध्ये डॅन व लिंडा यांनी विवाह केला. ५ नोव्हेंबर १९८९ रोजी पहाटे बेटीने झोपलेल्या दोघांवर गोळ्या झाडल्या. पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या खटल्यात, १९९१ साली, ती दोन्ही हत्यांसाठी दोषी ठरली आणि तिला बत्तीस वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली.

१९९२ साली आलेल्या पहिल्या दूरचित्रपटाचे नाव ‘अ वुमन स्कॉर्न्ड’, म्हणजे झिडकारलेली स्त्री. शीर्षकाने तिला एका जुन्या म्हणीच्या साच्यात बसवले. २०२० च्या ‘डर्टी जॉन’ मालिकेतील पर्वात तरुणपणीच्या संसारालाही जागा मिळाली. नवऱ्याच्या घराच्या दारावर मोटार घालणारी आणि दूरध्वनीयंत्रावर अर्वाच्य संदेश ठेवणारी स्त्री तेथपर्यंत कशी आली, हे दिसू लागले. येथे धोकाही आहे. कारण समजले की क्षमा मिळाली, असे प्रेक्षक नकळत धरतो. झोपेत मारल्या गेलेल्या दोघांना आपली बाजू सांगता येत नाही. लिंडाच्या वाट्याला तर अनेकदा केवळ ‘दुसरी बाई’ एवढेच पात्र येते.

आता दोन प्रकरणे शेजारी ठेवा. पुरुषाने मारले तेव्हा ‘अब्रू’ हा शब्द पुढे आला. स्त्रीने मारले तेव्हा ‘वेड’ आणि ‘मत्सर’ हे शब्द पुढे आले. संतापाची जातकुळी एक असूनही त्याला दिलेली नावे वेगळी आहेत. ही नावे पुराव्यातून आलेली नाहीत, ती समाजाच्या अपेक्षांतून आली आहेत.

२.७ झाडीपट्टीचा प्रेक्षक आणि ग्रामसभा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टी रंगभूमीचे मोठे केंद्र वडसा येथे आहे. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली या रंगभूमीवरील कार्याबद्दल पद्मश्री मिळाली. या रंगभूमीवर प्रेक्षक हा उघडपणे न्यायाधीश असतो. खलनायकाला शिव्या बसतात, सोशिक नायिकेच्या गाण्याला डोळे पुसले जातात. हा सहभाग या रंगभूमीचे बळ आहे. त्याच बळामुळे कलावंताची जबाबदारीही वाढते. जवळच्या गावातील खऱ्या घटनेवर नाटक बेतले, तर ती माणसे मंडपातच बसलेली असण्याचा संभव असतो.

या संदर्भात धानोरा तालुक्यातीलच एक अनुभव विचार करण्याजोगा आहे. मेंढा (लेखा) हे गाव सामूहिक वनहक्कासाठी प्रसिद्ध आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय न करता सर्वसहमतीने करते, आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते. मतभेद असेल तर चर्चा पुढे चालू राहते. नानावटी खटल्यातील आठ विरुद्ध एक या निर्णयाशी ही रीत ताडून पाहा. तो एकटा नववा सदस्य काय म्हणत होता, हे आपण सहसा विचारत नाही. पुढे दोन वरिष्ठ न्यायालयांचा निष्कर्ष ज्युरीच्या बहुमताविरुद्ध गेला, हे मात्र आपल्याला ठाऊक आहे.

ग्रामसभेने खुनाचा निवाडा करावा, असा याचा अर्थ नाही. ते काम न्यायालयाचेच आहे. घेण्याजोगी गोष्ट ही, की निवाड्याची घाई न करता प्रत्येकाचे ऐकण्याची एक रीत आपल्या परिसरात रुजलेली आहे. नाटक पाहणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने ती आपल्या कामात आणावी.

२.८ चिकित्सक प्रेक्षकासाठी सहा प्रश्न

सत्यघटनेवर आधारलेली कोणतीही कलाकृती पाहताना स्वतःला विचारा :

१. कथा कोणापासून सुरू झाली आणि कोठे थांबली?
२. मृत व्यक्तीच्या तोंडची वाक्ये कोणाच्या निवेदनातून आली?
३. कारण, नैतिक जबाबदारी आणि अपराध यांची सरमिसळ झाली आहे काय?
४. मूळ घटनेत नसलेले काय जोडले आणि त्यामुळे दोष कोणाकडे सरकला?
५. हेच कृत्य विरुद्ध लिंगाच्या व्यक्तीने केले असते, तर हेच शब्द वापरले असते काय?
६. मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न कलाकृतीने विचारला काय?

शेवटचा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. मोठ्यांच्या दोषाची वाटणी होत असताना मुलांच्या वाट्याला आयुष्यभराचे कुतूहल आणि कुजबुज येते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – २

१. ‘मीच’मधील ‘च’ या अव्ययाचे कार्य सांगा.
२. ‘रुस्तम’मध्ये कोणता नवा धागा जोडला आहे?
३. २०१९ च्या वेबमालिकेत कोणत्या पात्रामुळे मृताची बाजू पुढे आली?

३. सारांश

विवाहाचा शेवट सांगणाऱ्या शब्दांतही दोषाची छटा असते. नाट्यप्रकाराला संघर्ष लागतो, म्हणून तो दोषाची वाटणी करतो. आरंभ, शेवट, मृताचा आवाज, नटाचे वलय आणि भर-वगळ ही त्याची साधने आहेत. नानावटी खटल्याच्या पाच रूपांत दोषाचे वजन दरवेळी वेगळ्या ठिकाणी पडते, तरी पत्नीचे मन आणि मृताची बाजू बहुतांशी उपेक्षित राहते. ब्रॉडरिक प्रकरणाशी तुलना केल्यास स्त्री व पुरुष यांच्या संतापाला समाज वेगवेगळी नावे देतो, हे दिसते. दुःखाचे कारण समजून घेणे आणि हत्येचे समर्थन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करताना दुसरी न करणे, ही चांगल्या कलाकृतीची आणि सुजाण प्रेक्षकाची कसोटी आहे.

४. पारिभाषिक शब्द

नाट्यरूपांतर : प्रत्यक्ष घटना किंवा अन्य साहित्यकृती प्रसंग-संवादांच्या रूपात मांडणे.
आरंभबिंदू : कथानकासाठी निवडलेला पहिला क्षण.
प्रक्षोभ : आत्मसंयम हरपण्याइतका तीव्र संताप उत्पन्न होणे.
ज्युरी : खटल्यातील तथ्यांविषयी मत देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही पद्धत ठेवली गेली नाही.

५. स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १. ‘घटस्फोट’च्या मुळाशी पतिताला बाहेर काढण्याची कल्पना आहे, तर ‘काडीमोड’ संबंध संपल्याचे सांगतो पण दोषी कोण ते सांगत नाही. २. आठ विरुद्ध एक. ३. कबुली आणि हत्या यांमध्ये मन सावरण्यास पुरेसा, सुमारे तीन तासांचा अवधी होता.

प्रश्न – २ : १. इतरांना वगळून दोष स्वतःकडे घेणे व बोलणाऱ्याला उंची देणे. २. नौदलाच्या खरेदीतील भ्रष्टाचार. ३. मृताची बहीण ममी अहुजा.

६. सरावासाठी स्वाध्याय

१. ‘नाटक जेथे थांबते तेथे निवाडा होतो.’ नानावटी खटल्याच्या आधारे या विधानाची चर्चा करा.
२. दोषाचे तीन अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.
३. टीपा लिहा : (अ) मृताचा आवाज (आ) नटाचे वलय (इ) झाडीपट्टीचा प्रेक्षक.

७. क्षेत्रीय कार्य

या हंगामात तुमच्या परिसरात होणारे एक झाडीपट्टी नाटक पाहा. नाटक संपल्यावर स्त्री, पुरुष, तरुण व वृद्ध अशा किमान पाच प्रेक्षकांना ‘दोष कोणाचा?’ असे विचारा आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. नंतर नाटकातील एक प्रसंग, सर्वांनी दोषी ठरवलेल्या पात्राच्या दृष्टीने, दोन पानांत पुन्हा लिहा. लिहून झाल्यावर तुमचे स्वतःचे मत बदलले काय, ते एका परिच्छेदात नोंदवा. खऱ्या घटनेवर लिहीत असाल तर व्यक्तींची व गावाची नावे वगळा. त्या घरातील कोणीतरी तुमचे लिखाण वाचेल, असे समजूनच लिहा.